पाय चालते, कान जागते

दर डिसेंबरात पुण्याच्या मुकुंदनगरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरतो. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव बरीच वर्षे रमणबागेत व्हायचा. २०१८ पासून त्याचा मांडव महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात पडू लागला. मंडळ ही कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली काढलेली व्यायामसंस्था. एरवी जिथे मुले धावतात, घाम गाळतात, तिथे महोत्सवाच्या दिवसांत हे शहर मांडी घालून गाणे ऐकते.

श्रोत्यांमध्ये पिकल्या केसांची संख्या मोठी असते. शाली, थर्मास, पाठीला टेकायला उशी, गुडघ्यांसाठी खुर्चीचे तिकीट, अशी सगळी तयारी असते. डोळ्यांना चष्मा असतोच. कानांची तयारी मात्र फारशी कुणी केलेली नसते. वयाबरोबर ऐकण्यातला वरच्या कंप्रतेचा भाग आधी जातो. तंबोऱ्याच्या जव्हारीतून उठणारी झळाळी, घुंगरांची किणकिण, बंदिशीच्या शब्दांतले स, श, फ हे सगळे त्याच भागात येते. खर्ज व्यवस्थित पोचतो, तबल्याचा बायाँ पोचतो, म्हणून आपल्याला सगळे ऐकू येते असेच वाटत राहते. घरी मात्र टीव्हीचा आवाज हळूहळू वाढलेला असतो आणि नातवंडे ‘आजोबा, किती मोठ्यांदा!’ म्हणून ओरडत असतात.

व्यायामाचे मैदान आणि गाण्याची बैठक एका जागी आली हा योगायोग. व्यायाम आणि कान यांचे नाते मात्र योगायोगाचे नाही. हृदयासाठी चाला, साखरेसाठी चाला, सांध्यांसाठी चाला, हे पुणेकराला आता पाठ झाले आहे. कानांसाठी चाला असे फारसे कुणी सांगत नाही. या लेखात तेच सांगायचे आहे, आणि चालण्याने काय होणार नाही हेही सांगायचे आहे.

शेवटच्या टोकाचा नळ

ऐकण्याचे खरे काम कानाच्या पाळीत किंवा पडद्यात होत नाही. ते चालते आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नलिकेत. तिला कॉक्लिया म्हणतात. एका कानाच्या कॉक्लियात साधारण पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी या पेशींवरचे सूक्ष्म केस झुकतात, पेशी विद्युत्‌संदेश निर्माण करतात आणि तो श्रवणचेतातंतूमार्फत मेंदूकडे जातो. त्वचेची पेशी मेली तर नवी येते, हाड मोडले तर जुळते. माणसाची केसपेशी एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. जन्माला येताना मिळालेली पुंजी आयुष्यभर पुरवायची असते.

ही पुंजी जगवण्याचा खर्च मोठा आहे. कॉक्लियाच्या बाजूच्या भिंतीत रक्तकेशिकांचे दाट जाळे असलेला एक पट्टा असतो. आतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युत्‌दाब सतत टिकवून ठेवणे हे त्याचे काम. हा दाब म्हणजे केसपेशींचा वीजपुरवठा. त्यासाठी प्राणवायू लागतो, ग्लुकोज लागते आणि दोन्ही रक्तातून येतात. गंमत अशी की एवढ्या खर्चिक अवयवाला रक्त पुरवणारी धमनी एकच आहे, अगदी बारीक. तिला पर्यायी वाट नाही. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या पुणेकराला ही स्थिती वेगळी समजावून सांगायला नको. टाकीतला दाब जरा उतरला की सगळ्यांत आधी कोरडा पडतो तो त्याचाच नळ.

रक्तवाहिन्या कडक झाल्या, रक्तदाब चढला, साखर वाढली, तंबाखूने केशिका आकसल्या, की त्याचा हिशेब हृदयाबरोबर कानालाही द्यावा लागतो. नियमित व्यायाम याच गोष्टी सावरतो. हृदयाची ताकद वाढते, धमन्यांचा लवचिकपणा टिकतो, इन्शुलिन नीट काम करते, शरीरात धुमसणारा सौम्य दाह कमी होतो. कानासाठी वेगळा असा व्यायाम नाही आणि त्याची गरजही नाही. हृदयाला जे मानवते तेच कानाला मानवते.

सुदानातले म्हातारे आणि अमेरिकेतल्या परिचारिका

हा विचार नवा नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे कानाचे सर्जन डॉ. सॅम्युएल रोझेन सुदानच्या आग्नेय भागातल्या मबान जमातीत गेले. बंदुका नाहीत, यंत्रे नाहीत, ढोलही नाहीत, अशी ती वस्ती होती. रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचे कान तपासले, रक्तदाब मोजले आणि १९६२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वृद्ध मबानांची श्रवणशक्ती त्याच वयाच्या अमेरिकनांपेक्षा कितीतरी चांगली होती. त्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नव्हता. हृदयविकार जवळजवळ नव्हता. शेती, शिकार, मासेमारी करणारी ती सडसडीत माणसे होती.

या अभ्यासावर पुढे आक्षेपही आले. जन्माची नोंद नसलेल्या माणसांची वये अंदाजाने धरली होती. शिवाय शांतता, आहार, कष्ट आणि आनुवंशिकता यांतले नेमके श्रेय कुणाचे, हे त्यातून वेगळे काढता येत नव्हते. तरीही एक मोठी गोष्ट त्या मोहिमेने मांडली. म्हातारपण आले की बहिरेपण येणारच, हा नियम सगळीकडे सारखा लागू नाही. वयाच्या जोडीला आपण कसे जगलो तेही मोजले जाते.

त्यानंतरचा वजनदार पुरावा अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून आला. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातील डॉ. शॅरन कर्हान आणि सहकाऱ्यांनी ६८,४२१ स्त्रियांची १९८९ ते २००९ या वीस वर्षांची माहिती तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. सर्वाधिक हालचाल करणाऱ्या गटात ऐकू कमी येण्याचा धोका सर्वांत कमी हालचाल करणाऱ्या गटापेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी कमी होता. यासाठी मॅरेथॉन पळायची गरज नव्हती. आठवड्याला दोन तास किंवा अधिक चालणाऱ्या स्त्रियांतही धोका कमी दिसला. उलट कमरेचा घेर ८८ सेंटिमीटरच्या वर गेलेल्यांत तो वाढलेला होता.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. या स्त्रियांनी ‘मला कमी ऐकू येते’ असे स्वतः सांगितले होते, यंत्राने मोजलेले नव्हते. आणि जो चालतो तो बहुधा बाकी गोष्टींतही जपून राहतो. संशोधकांनी वय, धूम्रपान, आजार अशा घटकांचा हिशेब केला होता, तरी निरीक्षणातून निघालेला संबंध म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे.

कारणाकडे बोट दाखवणारा पुरावा उंदरांनी दिला. फ्लोरिडा विद्यापीठात शिनिची सोमेया यांच्या गटाने उंदरांचे दोन गट केले. एका गटाला पिंजऱ्यात फिरते चाक दिले, दुसऱ्याला दिले नाही. चाक मिळालेले उंदीर तारुण्यात रोज सुमारे बारा किलोमीटर पळत आणि म्हातारपणी चारेक किलोमीटरवर आले. कुणी त्यांना हाकलत नव्हते, त्यांना आवडत होते म्हणून ते पळत होते. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बसून राहिलेल्या उंदरांच्या कॉक्लियातल्या केसपेशी आणि रक्तकेशिका पळणाऱ्यांपेक्षा झपाट्याने कमी झाल्या होत्या. श्रवणशक्तीचे नुकसान बसणाऱ्यांत सुमारे २० टक्के, तर पळणाऱ्यांत ५ टक्क्यांच्या आसपास होते. दाह वाढवणाऱ्या जनुकांची हालचालही पळणाऱ्यांत कमी आढळली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण रक्तकेशिका टिकल्या तर केसपेशी टिकतात, हे सूत्र तिथे प्रत्यक्ष दिसले.

बारीक पुणेकराची लपलेली चरबी

या सगळ्यात पुण्याने जगाला दिलेली एक गोष्ट आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ‘मी तर बारीक आहे, मला काय होणार’ म्हणणाऱ्या भारतीयाची कहाणी त्या एका चित्रात सामावली होती. आपल्याकडे स्नायू कमी, पोटातली चरबी जास्त, आणि म्हणून मधुमेह लवकर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक माणसे मधुमेही आहेत.

मधुमेहात डोळे तपासायचे, पाय तपासायचे, मूत्रपिंड तपासायचे, हे आता रुग्णांनाही माहीत आहे. कान या यादीत क्वचितच असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या श्रवणचाचण्या तपासून २००८ साली दाखवून दिले होते की मधुमेह्यांमध्ये श्रवणक्षीणता इतरांच्या दुपटीने आढळते. डोळ्याच्या पडद्यातल्या केशिका ज्या साखरेने खराब होतात, त्याच साखरेने कॉक्लियातल्याही होतात.

त्यामुळे इथल्या माणसाला व्यायामाचा लाभ दुहेरी आहे. वजनकाट्यावर आकडा हलला नाही तरी चालण्याने स्नायू साखर वापरू लागतात. चालण्याला ताकदीच्या व्यायामाची जोड मिळाली तर स्नायू वाढतातही. तालमींच्या या शहराला हे नवे नाही. पेठांतल्या तालमींत जोर, बैठका, मल्लखांब पिढ्यान्‌पिढ्या चालले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रचार केला. १९३७ साली तरुण बी. के. एस. अय्यंगार योग शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. २०१४ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी नव्वदीतही त्यांची साधना सुरू होती. व्यायाम हा तरुणांचा आणि फिरणे हे म्हाताऱ्यांचे, ही वाटणी आपण कधी केली कोण जाणे. साठीनंतर स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून ताकदीच्या व्यायामाची गरज तेव्हाच अधिक असते.

तोल आणि मेंदू

आतल्या कानात ऐकण्याच्या शेजारीच तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या, सगळ्यांत तोच द्रव आणि तशाच केसपेशी. म्हणून एक बिघडले की दुसऱ्यावर लक्ष ठेवावे लागते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. फ्रँक लिन यांनी २०१२ मध्ये दाखवले की सौम्य श्रवणक्षीणता असलेल्यांत पडण्याची शक्यता जवळपास तिप्पट असते. याचे कारण फक्त नलिकांत नाही. मागून येणारी दुचाकी, बाजूने भुंकणारा कुत्रा, स्वतःच्याच पावलांचा आवाज, ही सगळी माहिती मेंदू चालताना वापरत असतो. ती अपुरी मिळाली की पाऊल चुकते. शिवाय अर्धवट ऐकलेले जुळवण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि तोलासाठी ती कमी पडते.

इथून एक दुष्टचक्र सुरू होते. ऐकू कमी येते म्हणून कट्ट्यावरचे बोलणे कळत नाही. कळत नाही म्हणून कट्ट्यावर जाणे नको वाटते. पडण्याची भीती असते म्हणून फिरणेही कमी होते. फिरणे कमी झाले की साखर, दाब, वजन वाढते आणि कान आणखी मंदावतो. घरातल्यांना वाटते, ‘बाबा हल्ली गप्पगप्प असतात, वय झालं.’ खरे तर बाबांना कुणी काय बोलले तेच समजलेले नसते.

याच वाटेवर पुढे स्मृतिभ्रंश उभा आहे. टाळता येण्याजोग्या कारणांची यादी करणाऱ्या लॅन्सेट आयोगाने २०२४ च्या अहवालात १४ कारणे दिली. त्यांत श्रवणक्षीणता आहे आणि व्यायामाचा अभावही आहे. चालण्याने मेंदूला काय मिळते याचा एक नमुना २०११ मध्ये समोर आला. १२० ज्येष्ठांवरच्या त्या प्रयोगात वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढला. नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांत तो आक्रसला. कान आवाज गोळा करतो, पण गोंगाटातून शब्द निवडण्याचे काम मेंदूचे असते. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचे बोलणे कळणे ही कानाइतकीच मेंदूची परीक्षा आहे.

टेकडी की रस्ता?

पुणे नशीबवान आहे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, तळजाईचे वन, चतुःशृंगी, सिंहगडाची पायवाट, ही या शहराची फुकटची व्यायामशाळा आहे. पहाटे पर्वतीवर स्वेटर, कानटोपी आणि काठी घेऊन चढणारी सत्तरीतली माणसे कुठल्याही ऋतूत दिसतात. पायरी चढण्याने मांड्यांना बळ येते, उतरताना तोलाचा सराव होतो. आणि टेकडीवर आणखी एक औषध मिळते, ते म्हणजे शांतता.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. केशिका जपण्यासाठी चालायचे आणि चालता चालता हॉर्नच्या माऱ्यात केसपेशी घालवायच्या, हा उलटा व्यवहार झाला. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कुठल्याही मोठ्या चौकात दिवेलागणीला उभे राहिलेल्याला ती कशी पाळली जाते हे सांगायला नको. पदपथावर गाड्या लावलेल्या, टपऱ्या थाटलेल्या, फरशा उखडलेल्या. ज्येष्ठ माणूस रस्त्यावर उतरून चालतो, जीव मुठीत धरून. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होऊ लागला. वर्षातला एक दिवस चालायला मिळणे हे कौतुकाचे की लाजेचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

म्हणून टेकड्या वाचवण्याचा प्रश्न फक्त झाडांचा आणि मोरांचा नाही. वेताळ टेकडीवरच्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्यांत रोज टेकडीवर जाणारे ज्येष्ठ पुष्कळ होते. शहरातल्या उरल्यासुरल्या शांत पायवाटा हा आरोग्यसेवेचाच भाग आहे, आणि शहराच्या विकास आराखड्यात त्यांची किंमत तशी धरली गेली पाहिजे.

घामही गेला, कानही गेले

कानाला आवाज किती सोसतो याचे गणित निष्ठुर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढाला आठवड्याला ८० डेसिबल आवाज ४० तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे चार तास उरतात आणि १०० डेसिबलला जेमतेम वीसेक मिनिटे.

आता जिममध्ये चला. भिंती थरथरवणारे संगीत आणि त्यावर चढलेला प्रशिक्षकाचा आवाज. किंवा रस्त्यावर कानात इअरफोन घालून चालणारी मंडळी बघा. वाहतुकीचा गोंगाट दाबण्यासाठी आवाज वाढवला जातो आणि तासभर तो थेट पडद्यावर आदळतो. त्या तासाचा हृदयाला फायदा होतो, कानाला तोटा. चालताना गाणे हवेच असेल तर आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. वाहत्या रस्त्यावर मात्र इअरफोन काढूनच ठेवावा, कारण तिथे आपले कान हे आपले संरक्षण असते.

ढोल-ताशाचे उदाहरण तर खास पुण्याचे. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास वाजवणे हा जबरदस्त व्यायाम आहे. तरुण पोरे-पोरी महिनाभर सराव करतात, दंड भरतात, दमसास वाढतो. पण हा व्यायाम शंभर डेसिबलच्या गराड्यात होतो. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकांत ध्वनिमापन करण्याचे काम सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेची मंडळी दोन दशकांहून अधिक काळ करत आली आहेत. त्यांच्या नोंदींत सरासरी पातळी २०२२ मध्ये १०५ च्या घरात, २०२३ मध्ये १०१ च्या घरात आणि २०२४ मध्ये ९५ च्या आसपास होती. कोरोनाच्या काळात, मिरवणूक नसताना, हाच आकडा साठच्या जवळ उतरला होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पथकातल्या वादकांची संख्या तीसवर आणली, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. न्यायालयात काय व्हायचे ते होवो. वादकाने कानात बोळे घालायला कुणाची स्थगिती नाही. काही रुपयांचा फोमचा बोळा नीट बसवला तर आवाज वीसेक डेसिबलने उतरतो आणि ताल तरीही पोचतो. मिरवणुकीत बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या पोलिसांना आणि खिडक्यांमागच्या आजी-आजोबांनाही तो द्यावा.

किती, कसे, कुणी

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीच्या व्यायामाचा आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस किमान अर्धा तास. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोलाचाही सराव करावा. मध्यम गती ओळखायची खूण सोपी आहे. चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येता कामा नये. गाता येत असेल तर पाय उचला, बोलताही येत नसेल तर वेग कमी करा. तोलासाठी एका पायावर उभे राहणे, टाच-चवडा जोडून सरळ रेषेत चालणे, वृक्षासन. सुरुवातीला भिंत किंवा कठडा हाताशी असावा.

काही पथ्ये आहेत. श्वास कोंडून जड वजन उचलू नये, त्याने छातीतला आणि आतल्या कानातला दाब एकदम वाढतो. कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि काचबिंदू किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी शीर्षासनासारखी उलटी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. भ्रामरी प्राणायामाने मन शांत होते आणि कानातली गुणगुण सोसायला त्याची मदत होऊ शकते. पण भ्रामरीने बहिरेपण जाते, अमुक तेल घातल्याने नस उघडते, असले दावे खरे नाहीत. गेलेली केसपेशी तेलाने येत नाही, आसनाने येत नाही आणि टेकडी चढूनही येत नाही. व्यायाम आहे ते राखतो, गेलेले परत आणत नाही.

म्हणून तपासणी हवी. साठीपुढच्या दर चारांपैकी एकाहून अधिक माणसांना अडचणीची ठरेल एवढी श्रवणक्षीणता असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पन्नाशी ते चौसष्ट या वयात दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दर एक ते तीन वर्षांनी श्रवणचाचणी करावी, असा तिचा सल्ला आहे. शांत खोलीत हेडफोन लावून बीप ऐकू आला की बटण दाबायचे, एवढीच ही ऑडिओमेट्री. सुई नाही, रक्त नाही, उपास नाही. ससून रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात ती होते, खासगी दवाखान्यांतही होते. मधुमेह असेल तर साखरेच्या वार्षिक तपासण्यांत तिची भर घालून घ्यावी. पुष्कळदा साधा मळ निघतो आणि प्रश्न मिटतो. मात्र एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले तर दोन दिवस वाट बघू नये. ती तातडीची बाब आहे. औषध सुरुवातीच्या दिवसांतच नीट लागू पडते.

तपासणीनंतर श्रवणयंत्र सुचवले तर घ्यावे. ९७७ ज्येष्ठांवरच्या एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राने बुद्धीची घसरण थांबली असे दिसले नाही. पण ज्यांना मुळातच धोका अधिक होता त्या गटात तीन वर्षांत ही घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. चष्मा लावायला आपण लाजत नाही, किंबहुना सोनेरी काड्यांचा मिरवतो. यंत्र मात्र कपाटात पडून राहते, कारण ‘लोक बहिरा म्हणतील’. लोक तसेही म्हणतच असतात, फक्त आपल्याला ते ऐकू येत नाही. पैशांची अडचण असेल तर महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या आणि वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साहाय्यक साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. त्यांत श्रवणयंत्र येते. चांगल्या यंत्राला ही रक्कम पुरत नाही, हे शासनाला सांगत राहिले पाहिजे.

ज्येष्ठ नागरिक संघांकडे एक मागणी आहे. तुमच्याकडे रक्तदाबाची शिबिरे होतात, साखरेची होतात, मोतीबिंदूची होतात. येत्या ३ मार्चला, जागतिक श्रवणदिनी, एक शिबीर कानांचेही घ्या. सकाळच्या फिरण्याच्या वेळीच, बागेच्या दारात. आणि तरुण वाचकांनो, या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांना फराळाच्या ताटाबरोबर दोन गोष्टी द्या, चांगल्या तळव्याचे बूट आणि श्रवणचाचणीची वेळ. फटाक्यांची माळ वाजेल तेव्हा त्यांना खिडकीपासून दूर बसवा. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्याबरोबर टेकडीवर चालायला जा, मोबाइल खिशात ठेवून.